कमरेची टोपली: होडीशिवाय तळाशीलच्या किनाऱ्यावर तीन दिवस

मासे धरायच्या फ्लाय रॉडबद्दल विचारणारे लोक पहिल्यांदा रॉड कुठली, रील कुठलं, कितीला पडलं हे विचारतात. मी आज त्यातल्या कशाबद्दलही लिहिणार नाही. कमरेला बांधायच्या टोपलीबद्दल लिहिणार आहे. बाहेरचे लोक तिला स्ट्रिपिंग बास्केट म्हणतात. माझ्याकडे अशा दोन टोपल्या आहेत. एक ऑनलाइन मागवलेली, २,४५० रुपयांची. दुसरी कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याच शेडमध्ये बनवलेली, ३३० रुपयांची. दोन्ही घेऊन मी माघात मालवणजवळच्या तळाशीलला तीन दिवस राहिलो आणि रोज सकाळी खाऱ्या पाण्यात उभा राहिलो. होडी घेतली नाही, भाड्यानंसुद्धा नाही.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या गळाला शिसं असतं, ते शिसं फेकलं की दोरा मागनं जातो. फ्लायमध्ये आमिष म्हणजे केसांचा एक हलका झुबका, त्याला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. इथं वजन असतं ते दोरीला. माझी रॉड आठ नंबरची, म्हणजे तिच्या दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅम. ती जाड दोरी हवेत मागं-पुढं खेळवून सोडायची आणि तिच्या टोकाला बांधलेला झुबका तिच्याबरोबर जातो. मग डाव्या हातानं दोरी वीत-वीत खेचत झुबका पाण्यातनं पळवायचा. खेचलेली दोरी रीलवर जात नाही, खाली पडते. पन्नास फूट फेकलं तर चाळीस फूट दोरी तुमच्या पायाशी येऊन पडते.

होडीत ती दोरी फळीवर पडते. किनाऱ्यावर कुठं पडणार? पाण्यात. आणि किनाऱ्यावरचं पाणी एका जागी थांबत नाही. लाट आली की दोरी मागं जाते, लाट फिरली की पोटरीला वेढे घालते. पायाखाली कालवं असली तर दोरीवर चरे पडतात. पुढची फेक करायला जावं तर ओल्या दोरीला पाणी धरून ठेवतं आणि पन्नास फुटांची फेक पंचवीसवर येते. किनाऱ्यावरून फ्लाय जमत नाही म्हणून सोडून दिलेले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. दोघांच्याही फेकीत काही खोट नव्हती. खेचलेली दोरी पडायला कमरेला टोपली नव्हती, एवढंच.

मी पंचगंगेच्या घाटावर गळ टाकत वाढलो. चिलापी, मरळ, पावसाळ्यात नवीन पाणी आलं की जे येईल ते. फ्लाय रॉड हातात आली वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी. पहिले सहा महिने ती पाण्याला लागलीच नाही. पहाटे गांधी मैदानावर जाऊन दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून फेकायचो. तालमीला निघालेली पोरं थांबून बघायची. एका वस्तादांनी दोन दिवस लांबनं बघून तिसऱ्या दिवशी सांगितलं, "हाताला घाई हाय तुझ्या. मागं गेलेलं मागं पुरतं जाऊ दे की." फ्लाय रॉड त्यांनी जन्मात बघितली नव्हती, पण माझी चूक नेमकी तीच होती. मागं गेलेली दोरी पूर्ण सरळ झाल्याशिवाय पुढं ओढायची नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

आता तळाशील का, ते सांगतो. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवली, तिथनं आचऱ्याचा रस्ता आणि मग तोंडवळी. तोंडवळीच्या पुढं जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे जाते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला गड नदीची खाडी, आणि टोकाला दोन्ही पाणी एकमेकाला भेटतात. पलीकडच्या काठाला सर्जेकोट. म्हणजे होडी नसलेल्या माणसाला पायी चालत खाडी, समुद्र आणि मुख अशा तीन जागा मिळतात. वारा एका बाजूनं त्रास द्यायला लागला तर माडांतनं चालत दुसऱ्या बाजूला जायचं. देवबागची रचनाही अशीच आहे, पण तिथं आता पाण्यावर इतकी वाहनं फिरतात की पाण्यात पोटऱ्यापर्यंत उभं राहून मासा शोधणाऱ्याला शांतता मिळत नाही. आणि मालवणात किल्ल्याच्या आसपास गरी टाकायचा विचार कुणी करू नये. १९८७ पासून तो सागरी अभयारण्याचा भाग आहे.

दिवस मी पंचांग बघून ठरवले. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मालवणच्या बाजूला माझ्या अनुभवात ती अर्धा तास तरी अलीकडेच येते, पण अंदाज बांधायला हिशेब पुरतो. मला हवी होती पहाटेची उतरती ओहोटी. भरतीला तिवरांत आणि खाजणात शिरलेली बारकी मासळी ओहोटीबरोबर मुखातनं बाहेर येते आणि मोठा मासा तिची वाट बघत बसलेला असतो. बायकोनं एकच अट घातली होती, संकष्टीला पाण्यात गळ नको. म्हणून वद्य पंचमी, षष्ठी, सप्तमी असे तीन दिवस धरले. भरती पहाटे साडेतीन ते पाचच्या दरम्यान, ओहोटी साडेनऊ ते अकरापर्यंत. उधाण ओसरत आलेलं, भांग (भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस) जवळ, त्यामुळे पाण्याला ओढ कमी आणि गढूळपणाही कमी. पाण्यात उभं राहणाऱ्याला हे दिवस चांगले.

आणि वारा. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, त्याचा उपयोग मला इथं झाला. रात्री जमीन गार पडते आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की तो बरोबर पाठीवर येतो आणि दोरी आपोआप लांब नेतो. अकराच्या सुमारास तो पडतो. थोडा वेळ सगळं स्थिर असतं, मग खारा वारा तोंडावर सुरू होतो. त्यानंतर फ्लाय रॉड आवरून जेवायला जावं.

पहिल्या दिवशी विकतची टोपली बांधली. मुद्दामच. पैसे दिलेत तर तिला पहिली संधी द्यावी असं वाटलं. ही टोपली कापडी जाळीची, घडीची, वरच्या कडेला तारेचा आकार, कमरेला पट्टा, पट्ट्याला प्लॅस्टिकचं बकल. घडी केल्यावर सॅकच्या मागच्या कप्प्यात बसते. वजन नसल्यासारखंच. गाडीवरनं जाणाऱ्याला ही मोठी सोय आहे आणि ती मी नाकारत नाही.

साडेपाचला मुखावर पोचलो तेव्हा चंद्र समुद्रावर होता आणि पाणी खाडीतनं बाहेर निघालं होतं. गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. पहिल्या दहा-बारा फेकी झकास गेल्या. मग जाळी भिजली आणि तळ मध्येच खाली बसला. खेचलेली दोरी सगळी त्या एका खड्ड्यात गोळा व्हायला लागली, वेढ्यावर वेढा. दोरीचा नियम असा आहे की शेवटी पडलेला वेढा पहिल्यांदा बाहेर गेला पाहिजे. खड्ड्यात वेढे उलटेपालटे होतात. फेकलं की तीन-चार वेढे एकदम उचलले जातात आणि रॉडच्या पहिल्या कडीला मूठभर गाठ येऊन धडकते. दर पाच-सहा फेकीला हे व्हायला लागलं.

सातच्या सुमाराला, उजाडलं होतं, साधारण तीस फुटांवर पाण्यात एक खोल "भप्प" आवाज झाला. चोणक. रायगडकडे जिताडा म्हणतात तोच. हा मासा चावत नाही, तोंड एकदम उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्याचा तो आवाज. मी झुबका आवाजाच्या चार फूट पुढं टाकला, दोनदा खेचला आणि दोरी जड झाली. मासा बाहेरच्या पाण्याकडे सुटला. टोपलीतली दोरी झरझर निघाली आणि अचानक थांबली. टोपलीच्या कडेला घडी बंद करायला वेल्क्रोची पट्टी शिवलेली आहे. दोरीचा एक वेढा त्या वेल्क्रोला धरला होता. अर्धा सेकंद लागला असेल. लीडर, म्हणजे दोरी आणि झुबका जोडणारा बारीक धागा, तुटला तो आवाज बंदुकीच्या छऱ्यासारखा आला.

मी त्यानंतर बराच वेळ फेकलं नाही. मासा गेला याचं दुःख होतंच, पण त्याच्या तोंडात माझा गळ राहिला याचं जास्त. मी गळाचा काटा पक्कडीनं दाबून टाकलेला असतो, त्यामुळे तो लवकर गळून पडतो, एवढाच आधार.

दहाच्या आसपास एक लाट जरा उंच आली आणि बकलही तुटलं. घरी आल्यावर विकणाऱ्याला फोटोसकट कळवलं. बदलून द्यायची मुदत संपली, एवढंच उत्तर आलं. टोपली मी नोव्हेंबरात मागवली होती आणि फेब्रुवारीत पहिल्यांदा पाण्यात नेली, हा भाग माझा. पण खाऱ्या पाण्यासाठी म्हणून विकलेल्या वस्तूचं बकल पहिल्या दिवशी लाटेनं तुटू नये, आणि दोरी धरायच्या वस्तूला दोरी अडकवणारं वेल्क्रो कुणी शिवू नये. ज्यानं ही टोपली आखली त्यानं ती बांधून एक सकाळ पाण्यात काढली नसावी.

संध्याकाळी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते काका पडवीत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, हयात खाडीत गेलेली. "गावला काय?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. झुबका हातात घेऊन त्यांनी केस उलटे-सुलटे करून बघितले. हे केस बोकडाच्या शेपटीचे आहेत. बाहेरून हरणाच्या शेपटीचे केस मागवतात लोक, पण कोल्हापुरात मटणाच्या दुकानात शेपटी मागितली तर खाटीक नुसती देतो. शांपूनं दोनदा धुवायची, मीठ लावून सावलीत वाळवायची. झुबक्याचे डोळे म्हणजे पितळेचं डंबेल, पाच मिलिमीटरच्या सळईतनं मी लेथवर काढतो, मध्ये खाच देऊन. डोळे गळाच्या वरच्या बाजूला बांधले की झुबका पाण्यात उलटा होतो, गळाचं टोक वर राहतं आणि तळाला अडकत नाही. ही बांधणी अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांची, १९८७ ची, मुळात गोड्या पाण्यातल्या माशासाठी केलेली. आज जगभर खाऱ्या पाण्यात पहिल्यांदा तीच बांधतात. काकांनी डंबेलवर नख फिरवलं आणि म्हणाले, "ह्यां बरां केलंस." मग म्हणाले, उद्या पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला, वागळी असतात. त्यांनी पोटरीवरचा जुना व्रण दाखवला. शेपटीला नांगी असलेल्या या माशावर पाय पडला तर काय होतं हे त्या व्रणात दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी पाय घासतच चाललो.

आता घरच्या टोपलीबद्दल. लक्ष्मीपुरीत प्लॅस्टिकच्या दुकानात भांडी धुवायचे आयताकृती टब मिळतात. मी घेतला तो पंधरा इंच लांब, अकरा रुंद, सहा खोल, १८० रुपये. कडक प्लॅस्टिक घ्या, अंगठ्यानं दाबून तळ वाकतो का ते दुकानातच बघा. एका लांब बाजूला दोन फटी पाडून त्यातनं दप्तराचा नायलॉन पट्टा ओवला. पट्टा आणि मोठं बकल मिळून ९० रुपये, बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून.

खरं काम तळाचं. गवत कापायच्या मशीनला जी नायलॉनची जाड तार लागते, ती तीन मिलिमीटरची घेतली, ६० रुपयांची पुष्कळ झाली. तळाला पाच ठिकाणी दोन-दोन भोकं पाडली, फाशावर पाचाचा आकडा असतो तशी मांडणी. तारेचा तुकडा यूच्या आकारात वाकवून खालून वर घातला, म्हणजे प्रत्येक जागी दोन सुळे उभे राहिले. एकूण दहा, तीन-तीन इंच उंचीचे. दोरी पडते ती या सुळ्यांच्या मधे पडते. चालताना, वाकताना, लाट बसली तरी वेढे एका बाजूला घसरत नाहीत, उलटे होत नाहीत.

भोकाच्या कडा मी दोन्ही बाजूंनी काउंटरसिंकनं, म्हणजे भोकाची कड तासायच्या अवजारानं, साफ केल्या. आमच्या लेथच्या धंद्यात बर, म्हणजे कडेला राहिलेली धार, काढला नाही तर माल परत येतो. इथं बर राहिला तर आठ हजारांच्या दोरीवर चरा पडतो. टबाच्या वरच्या कडेलाही साच्याची एक धारदार रेघ असते, बोटाला जाणवतही नाही. जुना नायलॉन मोजा कडेवरनं फिरवा, जिथं धागा धरतो तिथं धार आहे. पॉलिश पेपर शून्य नंबर, अर्धा तास. सुळ्यांची टोकं मेणबत्तीला नुसती दाखवून गोल केली, वितळू दिली नाहीत. वितळून गोळा झाला की तो दोरी धरतो.

पाणी निघायला चार कोपऱ्यांना चार बारीक भोकं आहेत. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यात ही बरी. कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं असेल तर भोकं पाडू नका, कारण तिथं पाणी खालून वर येतं आणि दोरी तरंगायला लागते.

दुसऱ्या दिवशी ही बांधली. पहिल्या पंधरा मिनिटांत मी रॉड काखेत धरून दोन्ही हातांनी, एकामागून एक, दोरी खेचायला लागलो. हे आधी कधी जमलं नव्हतं, कारण एक डोळा कायम पायाशी असायचा. दोन हातांनी खेचलं की झुबका थांबत नाही, घाबरलेल्या बारक्या माशासारखा सरळ पळतो. आठच्या आधी दोन ट्रेव्हली आल्या, तळहाताएवढ्याच, पण त्यांची ओढ हातभर माशाची. मग एक शिंगाळा, त्याच्या काट्यांपासून बोटं सांभाळत गळ काढला. मग एका केंड माशानं लीडर दातांनी साफ कापून नेला.

साडेआठला चोणक लागला. आदल्या दिवशीचाच असं म्हणायला मन होतं, पण तसं काही नाही, हा लहान होता, दोन किलोच्या आतबाहेर. तो सुटला तेव्हा मी टोपलीकडे बघितलं. दोरी सुळ्यांमधून एकेक वेढा उचलत, खालच्या वेढ्याला न हलवता, वर जात होती. शेवटचा वेढा निघाला, दोरी रीलवर ताणली गेली आणि रील बोलायला लागलं. सगळी सकाळ त्या तीन-चार सेकंदांसाठी होती. मासा दोनदा पाण्याबाहेर आला, डोकं हलवत. दहा मिनिटांनी उथळ वाळूत आणला. याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, म्हणून लीडरच्या शेवटी फूटभर जाड नायलॉन बांधलेला बरा. गळ काढला, शेपटीला धरून पाण्यात उभा केला. पाठीवर ऑलिव्हसारखा हिरवा, पोटाकडे चांदी, आणि डोळा तिरक्या उन्हात निखाऱ्यासारखा पेटलेला. मग शेपटीचा एक झटका, माझ्या तोंडावर पाणी, आणि गेला.

मी चोणक सोडतो. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा चोणक मारला की अंडी देणारी मारली. काकांना हे सांगितल्यावर ते पटकन पटलं नाही. मोठो गावलो तर सोडूचो कसो, असं ते म्हणाले, आणि ज्यांचं पोट खाडीवर चालतं त्यांना मी काय सांगणार. पण मी सुट्टीला आलेला माणूस, मला जेवण काकूंनी बाजारातल्या बांगड्याचं दिलंच होतं.

तिसरा दिवस रिकामा गेला. पाणी सुंदर होतं, वारा पाठीला होता, मासा नव्हता. घरच्या टोपलीच्या खोडी त्या दिवशी नीट कळल्या. चालताना ती मांडीवर आपटते, दोन किलोमीटर चाललं की तिथं काळं-निळं होतं. आतून जुन्या योगा मॅटचा तुकडा चिकटवल्यावर बरं वाटलं. गाडीवर ती कुठंच बसत नाही, मी ती सॅकवर उपडी बांधून आणली आणि फोंडा घाटात वाऱ्यानं ती सतत फडफडत होती. आणि उन्हात टब तापतो, दोरीही तापते.

दोरीवरनं आठवलं. टोपली कितीही चांगली असली तरी थंड पाण्याची दोरी कोकणात चालत नाही. माझी पहिली दोरी तशी होती. दहा वाजता ती भिजलेल्या शेवयांसारखी मऊ पडून टोपलीला चिकटून बसायची. उष्ण प्रदेशासाठी केलेल्या दोरीचा गाभा कडक असतो, ती उन्हातही ताठ राहते. तीच दोरी जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर काढली तर स्प्रिंगसारखी वेटोळी येते, हाताभर-हाताभर ताणून सरळ करावी लागते. किनाऱ्याला जायचं असेल तर पैसे तिथं घाला. रॉड दुय्यम दर्जाची चालेल.

घरी आल्यावर रॉड, रील, टोपली, दोरी सगळं विहिरीच्या पाण्यानं धुतलंय. रॉडच्या चार तुकड्यांच्या जोडात वाळूचा कण राहिला तर तो जोड कायमचा खराब होतो, म्हणून जोड जुन्या सुती कापडानं पुसायचे. विकतच्या टोपलीचं बकल बदललं, वेल्क्रो उसवून काढलं, आणि ती भाच्याला दिली. तो कोरड्या खडकावरनं टाकणार असेल तर त्याला ती पुरेल.

निघायच्या दिवशी काकांनी टब हातात घेऊन तळाचे सुळे एकेक करून वाकवून बघितले होते. ते हातदोरीनं गरवतात, वय झाल्यामुळे होडीत दोरीचे वेढे पायात येतात असं त्यांनी आदल्या रात्री बोलता-बोलता सांगितलं होतं. मागच्या शनिवारी मी त्यांच्यासाठी एक केला. पट्टा नाही, भोकं नाहीत, बारा सुळे, आणि हातदोरी जाड असते म्हणून सुळे थोडे लांब-लांब लावले. एस.टी.च्या पार्सलनं कणकवलीला पाठवला आहे, तिथनं त्यांचा मुलगा घेऊन जाणार आहे.